स्वामी रामानंद तीर्थ

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा आपले पुसेगाव स्वतंत्र भारतात नव्हते. घरातील तरुण मुलामुलींस हे सांगितले असता त्यांस नवल वाटते. त्या काळी परभणी जिल्ह्यात मोडणारा हा मुलूख निजाम मीर उस्मान अली खान यांच्या हैदराबाद संस्थानात होता, व तो भारतात येण्यास आणखी तेरा महिने लागले. तो सामील करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत स्वामी रामानंद तीर्थ हे अग्रणी होत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. पण संन्याशाला ज्ञाती कसली?

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. शिक्षणानंतर काही काळ त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांजपाशी काम केले व पुढे हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. नारायण तीर्थांकडून त्यांनी संन्यासदीक्षा घेतली, पण अध्यापन सोडले नाही. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेतही त्यांनी विद्यार्थी घडविले. मजसारख्या शिक्षकाला त्यांच्या चरित्रातील हाच भाग अधिक जवळचा वाटतो. कारण पुढे लढ्यात उतरलेले कितीतरी तरुण त्यांच्या वर्गांतूनच बाहेर पडले.

१९३८ साली स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. स्वामीजींनी सत्याग्रह केला व दीड वर्षाचा कारावास पत्करला. ही बंदी उठण्यास १९४६ साल उजाडले.

इंग्रज जाताच निजामाने कोणत्याच राष्ट्रात सामील न होण्याचे ठरविले. त्याचा भरवसा अगदीच निराधार नव्हता. सुमारे ८२,००० चौरस मैल प्रदेश, दीड कोटींहून अधिक प्रजा, स्वतःचे सैन्य, स्वतःची रेल्वे, स्वतःचा हाली सिक्का! परंतु राज्याला समुद्रकिनारा नव्हता, सभोवार भारत पसरलेला होता, आणि मुख्य म्हणजे प्रजेतील बहुसंख्यांस हे वेगळेपण नको होते. हे शेवटचे कारण दरबाराला कधीच दिसले नाही.

स्वामीजींनी ते रस्त्यावर आणून दाखविले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिन पाळण्यात आला. १५ ऑगस्टला त्यांनी हैदराबादेत तिरंगा फडकविला व त्यांस अटक झाली. वकिलांनी न्यायालये सोडली, विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्या, शिंदीची झाडे तोडली गेली, करोडगिरीची नाकी जळाली. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात उमरखेड येथे कार्यकर्त्यांचे शिबिर उभे राहिले. नोव्हेंबरात 'जैसे थे' करार झाला, स्वामीजी सुटले, आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा तुरुंगात गेले. बाहेर कासीम रझवीच्या रझाकारांनी उच्छाद मांडला होता. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. तेव्हा हा झगडा दोन धर्मांचा होता असे समजणे चुकीचे आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा आत शिरल्या. १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली व स्वामीजी मुक्त झाले. त्यानंतर अनेक गावी निरपराध मुसलमानांच्या हत्या झाल्या, हेही आपल्या मुलांस सांगितले पाहिजे.

येथे चरित्र संपले असते तरी ते थोर ठरले असते. परंतु सामीलीकरणावर त्यांचे समाधान झाले नाही. तेलुगू, मराठी व कन्नड भाग आपापल्या भाषिक बांधवांत जावेत, म्हणजेच हैदराबाद राज्यच विसर्जित व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. ज्या राज्याचे ते सर्वमान्य पुढारी होते, तेच नाहीसे व्हावे म्हणून ते झटत होते! सत्ता जवळ आल्यावर असा विचार करणारे पुढारी मी तरी फार पाहिले नाहीत. १९५६ साली ते राज्य विसर्जित झाले व मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्र झाला. स्वामीजी १९५२ साली गुलबर्ग्यातून व १९५७ साली औरंगाबादेतून लोकसभेवर गेले. १९६२ नंतर मात्र ते त्या सभागृहात नव्हते. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांनी देह ठेवला. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे; आपल्या हिंगोली जिल्ह्यातील मुले त्याच विद्यापीठाच्या पदव्या घेऊन घरी येतात.