राजा गंगाधरराव नेवाळकर : झाशीच्या नाट्यशाळेचा धनी

झाशीचे नाव उच्चारताच राणी लक्ष्मीबाईंची तेजस्वी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. त्या तेजाच्या छायेत त्यांचे पती राजा गंगाधरराव बहुधा झाकोळूनच गेले. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला येते ते विवाहाचे, दत्तविधानाचे आणि निधनाचे एखादे वाक्य. परंतु मराठी मुलखापासून दूर, बुंदेलखंडात नाट्यकलेला हक्काचे घर मिळवून देणारा राजा म्हणून त्यांचे स्मरण स्वतंत्रपणे व्हावयास हवे.

नेवाळकर घराणे मूळचे कोकणातील, रत्नागिरी प्रांतातले. पेशव्यांचे सुभेदार म्हणून या घराण्यातील पुरुष झाशीस आले. रघुनाथ हरी यांच्या काळात त्यांचे बस्तान पक्के झाले व पुढे शिवराव भाऊंनी कारभार पाहिला. गंगाधरराव हे शिवराव भाऊंचे पुत्र. १८३८ साली थोरले बंधू रघुनाथराव निवर्तले, तेव्हा गादीवर हक्क सांगणारे अनेक होते. कंपनी सरकारने त्यांतून गंगाधररावांची निवड केली. मात्र संस्थान कर्जात बुडालेले असल्याने कारभार काही वर्षे स्वतःच्या हाती ठेवला. पुढे अधिकार सोपविताना इंग्रजी फौजेच्या खर्चासाठी मुलूख तोडून घेतला. अशा आवळलेल्या चौकटीत गंगाधररावांना राज्य करावयाचे होते. ते शिस्तीचे कडक होते आणि विसकटलेली घडी त्यांनी पुष्कळ अंशी बसविली.

१८४२ साली मोरोपंत तांबे यांची कन्या मनकर्णिका झाशीची राणी झाली. हे लग्न झाशीच्या गणेशमंदिरात लागले. आजही हे मंदिर येथील मराठी कुटुंबांच्या जिव्हाळ्याचे स्थान आहे.

राजाला दोन गोष्टींचे वेड होते : ग्रंथ आणि नाटक. संस्कृत पोथ्यांचा मोठा संग्रह त्यांनी जोपासला. नाटकासाठी नाट्यशाळा उभारली, नटांना आश्रय दिला, आणि केवळ आसनावर बसून प्रयोग पाहण्यात समाधान न मानता ते स्वतः रंगभूमीवर उतरले. स्त्रीभूमिका करण्याची त्यांना विशेष आवड होती. राजाने लुगडे नेसून, बांगड्या भरून लोकांसमोर यावे, हे अनेकांना रुचले नाही. त्याची कुजबूज झाली, थट्टाही झाली. १८५७ च्या धामधुमीत झाशीत राहिलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या प्रवासवर्णनातही या गोष्टींच्या आठवणी आल्या आहेत. त्या काळच्या रंगभूमीवर स्त्रीपात्रे पुरुषांनीच रंगविण्याची रूढी होती. नटाच्या बाबतीत जे गुण ठरले, ते राजाच्या बाबतीत दूषण ठरले, एवढाच काय तो भेद.

याच सुमारास दक्षिणेत आणखी एका मराठी संस्थानात नाटकाचा डाव मांडला जात होता. १८४३ साली सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला आणि मराठी रंगभूमीचा शुभारंभ झाला. सांगली आणि झाशी या दोन्ही ठिकाणी कलेचा आधार एकच होता : राजाची मर्जी. तो आधार तुटल्यावर दोन्हीकडे जे घडले, ते मात्र फार निराळे आहे. चिंतामणराव १८५१ साली निवर्तले व सांगलीचा आश्रय संपला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरण्याचे ठरविले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून नाटक केले. तेथून नाटकाचा पोशिंदा प्रेक्षक झाला.

त्याच १८५३ साली झाशीचा रंगमंच मात्र पोरका झाला. दोन वर्षांपूर्वी राजाला पुत्र झाला होता, पण अवघ्या काही महिन्यांत तो गेला. या आघातातून गंगाधरराव सावरले नाहीत. २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी आप्तांपैकी आनंदराव या बालकास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या साक्षीने हा विधी झाला. दुसऱ्याच दिवशी राजाने देह ठेवला. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर केले आणि १८५४ साली झाशी खालसा झाली. नाट्यशाळेचा धनी गेला, तिला पोसणारा खजिनाही गेला. १८५८ च्या एप्रिलात सर ह्यू रोजच्या फौजेने शहर लुटले, तेव्हा राजाच्या ग्रंथसंग्रहाचीही धूळधाण झाली. एका आयुष्याने जमविलेले सारे पाच वर्षांच्या आत मातीस मिळाले.

तरीही त्या नाट्यशाळेची आठवण पुसली गेली नाही. झाशीचेच सुपुत्र वृंदावनलाल वर्मा यांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या राणीवरील हिंदी कादंबरीत ती पुन्हा जागविली. १९५३ साली, राजाच्या निधनाला शंभर वर्षे होत असताना, सोहराब मोदी यांच्या चित्रपटातून गंगाधरराव पडद्यावर आले. स्वतः नट असलेला राजा अशा रीतीने दुसऱ्या नटाच्या रूपाने प्रेक्षकांसमोर उभा राहिला.

लक्ष्मी तलावाच्या काठी राणीने बांधविलेली राजाची छत्री आजही उभी आहे. गंगाधररावांनी कलेवर जीव लावला, तिच्यापायी उपहास सोसला. पण ती कला लोकांच्या हाती सोपविण्यास काळाने त्यांना अवसर दिला नाही. सांगलीच्या नाटकाला तिकीट काढणारा प्रेक्षक लाभला म्हणून ते तगले. गावातले नाट्यगृह असो वा शाळेच्या स्नेहसंमेलनाचा साधा मांडव, त्याचा कणा वर्गणी देणारे, पडदे बांधणारे आणि समोर येऊन बसणारे लोकच असतात. झाशीच्या या रसिक राजाला खरी आदरांजली वाहावयाची, तर त्याच्या नाट्यशाळेला जे लाभले नाही ते आपल्या रंगमंचाला मिळवून द्यावे : अनेक धनी.