प्रिन्स आल्बर्ट यांचा नाताळ

मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेंत जाऊन आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हत्ती, माकडें व पक्षी पाहिलेच असतील. परंतु बागेला लागूनच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत त्यांपैकीं किती जण शिरले असतील याची आम्हांस शंका आहे. आंत गेल्यावर एका युरोपियन पुरुषाचा भव्य संगमरवरी पुतळा दृष्टीस पडतो. मॅथ्यू नोबल या शिल्पकारानें घडविलेला हा पुतळा मुंबईचे यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीचा असून तो व्हिक्टोरिया राणीचे पति प्रिन्स आल्बर्ट यांचा आहे. १८७२ सालीं हें संग्रहालय लोकांस खुलें झालें तेव्हांपासून १९७५ पर्यंत त्याचें नांवही याच जोडप्यावरून चालत होतें. पुतळ्यावरून माणसाचें पद कळतें, घर कळत नाहीं. आम्हांस येथें सांगावयाचें आहे तें त्यांच्या घरांतल्या एका सणाविषयीं. ज्या पालकांचीं मुलें किंवा भावंडें आज पोटापाण्यासाठीं दुबईस, लंडनास अथवा अमेरिकेंत राहतात, त्यांस ही हकीकत परकी वाटूं नये.

आल्बर्ट यांचा जन्म २६ ऑगस्ट १८१९ रोजीं कोबर्ग शहराजवळच्या रोझेनाऊ नांवाच्या वाड्यांत झाला. जर्मनी हा त्या काळीं एक देश नव्हता. लहानमोठ्या संस्थानांचा तो समूह होता, आणि कोबर्ग हें त्यांतलें एक बेताचें संस्थान. आपल्याकडील एके काळच्या सांगली-मिरजेची आठवण ठेवली म्हणजे त्याची कल्पना येईल. आल्बर्ट हे तेथील ड्यूकचे धाकटे चिरंजीव. थोरले बंधु एर्न्स्ट त्यांच्याहून चौदाच महिन्यांनीं मोठे. दोघे एकत्र वाढले, एकाच गुरूपाशीं शिकले व पुढें बॉन येथील विद्यापीठांतही बरोबरच गेले.

या भावांचें बालपण मात्र सुखाचें झालें असें म्हणवत नाहीं. आईबापांचें पटलें नाहीं. १८२४ सालीं, आल्बर्ट पांच वर्षांचे असतांना, त्यांची आई लुईझा घर सोडून गेली, आणि तिची व मुलांची पुन्हां भेट झाली नाहीं. १८३१ सालीं ती पॅरिस येथें वारली. पुढें वडिलांनीं दुसरें लग्न केलें. तेव्हां आल्बर्ट यांनीं पुढें आयुष्यभर ज्या घराची ओढ बाळगली, तें घर मुळांत असें दुभंगलेलें होतें. आम्हांस वाटतें, ज्याच्या घरांत सर्व कांहीं यथास्थित असतें तो सणाकडे सहजपणें पाहतो; पण ज्याच्या घरांतलें एखादें आसन रिकामें झालेलें असतें, त्याला सणाची किंमत फार लवकर कळते.

जर्मन घरांतला नाताळ चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळीं सुरू होतो. घरांत सूचिपर्णी वृक्षाचें एक हिरवें रोप आणून उभें करावयाचें, त्याच्या फांद्यांवर मिठाई, सोनेरी मुलाम्याच्या रोट्या व मेणबत्त्या लावावयाच्या, आणि सर्व दिवे एकदम लागले म्हणजे मग मुलांस आंत घ्यावयाचें, असा तो प्रघात. झाडापाशीं मेज मांडलेलें असतें व त्यावर भेटवस्तु ठेवलेल्या असतात. बाहेर बर्फ, काळोख, आणि आंत हा उजेड! कोबर्गच्या वाड्यांत एर्न्स्ट व आल्बर्ट हे दोघे भाऊ असेच या झाडापुढें हरखून उभे राहत.

१० फेब्रुवारी १८४० रोजीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, आल्बर्ट यांचें लग्न इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीशीं झालें. नात्यानें ते राणीचे मामेभाऊ. राजपदावर असलेल्या स्त्रीस कोणी मागणी घालूं शकत नसे, म्हणून मागणी राणीनेंच घातली होती. लग्नानंतर एर्न्स्ट कांहीं आठवडे इंग्लंडांत राहिले आणि मे महिन्यांत परत गेले. भाऊ गेला, आणि आल्बर्ट एकटे उरले.

घरजांवयाची आपल्याकडे जी थट्टा होते ती तेथेंही झाली. सरकारनें त्यांना वर्षास ५०,००० पौंडांची नेमणूक सुचविली. पार्लमेंटनें ती ३०,००० वर आणली. राणीच्या पतीस प्रिन्स कॉन्सॉर्ट ही पदवी अधिकृतपणें मिळाली ती १८५७ सालीं, म्हणजे लग्नास सतरा वर्षें होऊन गेल्यावर. त्यांचे जर्मन उच्चार, त्यांचा गंभीर स्वभाव, त्यांचा पोशाख, हे सर्व वर्तमानपत्रांच्या चेष्टेचे विषय झाले. १८५४ च्या जानेवारींत तर, रशियाशीं युद्धाचें वातावरण तापलें असतां, या परक्या मनुष्यास राजद्रोहासाठीं पकडून टॉवरच्या तुरुंगांत नेत आहेत अशी कंडी पिकली, आणि तो तमाशा पाहावयास लोक टॉवरपाशीं जमलेही! चौदा वर्षें ज्या राष्ट्राची सेवा केली त्या राष्ट्राची ही पावती.

आणि याच राष्ट्रानें त्यांचें एक जर्मन झाड मात्र दारांतून आंत घेतलें.

येथें एक प्रचलित समज दूर करणें अवश्य आहे. नाताळवृक्ष इंग्लंडांत आल्बर्ट यांनींच प्रथम आणला असें पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलें आढळतें, तें खरें नव्हे. १८०० सालच्या डिसेंबरांत तिसऱ्या जॉर्ज राजाची जर्मन राणी शार्लट हिनें विंडसर येथें मुलांच्या मेजवानीसाठीं असें झाड शृंगारिलें होतें. व्हिक्टोरिया राणीची आई जर्मनच. त्यामुळें राणीनेंही तेरा वर्षांची असतांना, १८३२ सालीं, मेजावरचीं दिवे लावलेलीं झाडें पाहिलीं होतीं. इंग्लंडांत स्थायिक झालेले जर्मन व्यापारीही आपापल्या घरीं हा सण करीत. परंतु सामान्य इंग्रज कुटुंबास त्याचा गंध नव्हता. मुलांस भेटी द्यावयाच्या त्या बहुधा नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीं, अशी तेथील जुनी रीत होती.

आल्बर्ट यांच्या हातून घडलें तें असें. विंडसरच्या वाड्यांत त्यांनीं चोवीस डिसेंबरची संध्याकाळ आपल्या कुटुंबासाठीं राखून ठेविली. राणीसाठीं एक मेज, मुलांसाठीं निराळें, राणीच्या मातोश्रींसाठीं निराळें. प्रत्येक मेजावर झाड व झाडाखालीं ज्याच्या त्याच्या भेटी. राजवाड्यांत नोकरांची वाण नव्हती, तरी या कामांत ते स्वतः रस घेत. १८४१ च्या नाताळांत त्यांस दोन अपत्यें होतीं: वर्षाची व्हिकी आणि दीड महिन्याचा एडवर्ड. त्या वर्षीं आपल्या वडिलांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं कळविलें कीं, आतां माझींच दोन लेंकरें या जर्मन झाडाकडे व त्याच्या लखलखणाऱ्या दिव्यांकडे, कां तें न कळतां, आनंदानें पाहत आहेत. परदेशीं राहणाऱ्या मुलाचें घरीं आलेलें असें पत्र ज्यांनीं वाचलें असेल, त्यांस त्यांतलें सुख आणि दुःख दोन्ही समजेल.

हीं पत्रें फार दिवस चालावयाचीं नव्हतीं. १८४४ च्या जानेवारींत वडील वारले. आल्बर्ट अंत्यविधीस पोंचूं शकले नाहींत. वसंत ऋतूंत ते पंधरा दिवसांसाठीं कोबर्गला जाऊन आले. पुढच्या वर्षीं राणीस घेऊन ते पुन्हां गेले व आपलें जन्मस्थान त्यांनीं तिला दाखविलें. पण वडिलांवांचून तें माहेर पूर्वीचें राहिलें नव्हतें. यानंतर सावत्र आईस त्यांनीं एका नाताळांत पत्र लिहिलें, त्याचा आशय असा कीं, एर्न्स्ट व मी लहानपणीं जे होतों त्याचा पडसाद आतां मला माझ्या मुलांतच शोधावा लागतो, आणि झाड पाहून त्यांस होणारा हर्ष आमच्या त्या वेळच्या हर्षाहून उणा नाहीं. म्हणजे सण तोच राहिला, आणि ज्या ठिकाणीं आपण पूर्वीं मूल म्हणून उभे होतों तेथें आतां बाप म्हणून उभें राहणें आलें. हें त्यांनीं ओळखलें होतें.

१८४८ च्या डिसेंबरांत लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकानें या घरगुती सोहळ्याचें चित्र छापलें. मेजावर झाड, भोंवतीं राणी, आल्बर्ट व मुलें. सोबत वर्णनही होतें: झाड सुमारें आठ फूट उंच, फांद्यांचे सहा थर, प्रत्येक थरावर डझनभर मेणबत्त्या, आणि शेंड्यावर पंख पसरलेला एक लहानसा देवदूत. बहात्तर मेणबत्त्या झाल्या, हें आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीं तोंडीं काढलेंच असेल. राजघराण्याची मिरवणूक व दरबार लोकांनीं नेहमींच पाहिले होते; पण राजा-राणी आपल्या लेंकरांना घेऊन एका झाडाभोंवतीं उभीं आहेत हें त्यांस नवें होतें. चित्र घरोघर गेलें, आणि पाहतां पाहतां झाडही घरोघर गेलें. दोन वर्षांनीं अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या एका स्त्रियांच्या मासिकानें तेंच चित्र उचललें. मात्र अमेरिकन घरांत राजाराणी शोभणार नाहींत म्हणून राणीच्या डोक्यावरचा अलंकार खोडला आणि आल्बर्ट यांच्या मिशाही काढून टाकिल्या. बिचाऱ्या आल्बर्ट यांस तेथें बिनमिशांचे होऊन जावें लागलें, पण त्यांचें झाड पोंचलें.

त्यांच्या सार्वजनिक कार्याचा विस्तार येथें करीत नाहीं. १८५१ चें लंडनचें महाप्रदर्शन मुख्यतः त्यांच्या उद्योगानें पार पडलें, सुमारें साठ लाख लोकांनीं तें पाहिलें, आणि त्याच्या नफ्यांतून साउथ केन्सिंग्टन येथील जमीन घेऊन तेथें विद्यासंस्था व संग्रहालयें उभीं राहिलीं, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. केंब्रिज विद्यापीठाचेही ते १८४७ पासून कुलपति होते.

बाप या नात्यानें ते सर्वस्वीं आदर्श होते असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. थोरला मुलगा एडवर्ड याच्या शिक्षणाची जी योजना त्यांनीं आंखली ती इतकी कडक होती कीं मुलाला खेळावयास सवंगडी नाहींत, विश्रांति नाहीं, आणि शाबासकी तर त्याहून नाहीं. मुलाचा ओढा पुस्तकांकडे नव्हता आणि बापास तें मानवलें नाहीं. शिक्षक म्हणून आम्हांस या प्रकरणाचा विचार नेहमीं पडतो. जो मनुष्य वर्षाच्या एका संध्याकाळीं मुलांत मूल होऊन जात असे, त्यास तोच हात बाकीच्या दिवशींही थोडासा सैल सोडतां आला असता तर बरें झालें असतें.

थोरल्या मुलीवर मात्र त्यांचा अत्यंत जीव. ती बुद्धिमान, अभ्यासू, व बापाची शिष्या. २५ जानेवारी १८५८ रोजीं सतराव्या वर्षीं तिचें लग्न प्रशियाच्या राजपुत्राशीं झालें. आठवडाभरानंतर आल्बर्ट यांनीं तिला ग्रेव्हसेंडच्या धक्क्यापर्यंत पोंचविलें, आणि बोट जर्मनीकडे निघाली. अठरा वर्षांपूर्वीं बाप ज्या समुद्रावरून इकडे आला, त्याच समुद्रावरून लेंक उलट तिकडे गेली. बाप इंग्लंडांत जर्मन म्हणून परका राहिला. मुलगी बर्लिनमध्यें इंग्रज म्हणून परकी ठरली. तिच्या नव्या घरीं नाताळवृक्ष होताच, तो शिकवावा लागला नाहीं. पण तो लावणारे हात तिच्या बापाचे नव्हते.

१८६० च्या नाताळांत विंडसरला कडाक्याची थंडी होती. त्या वर्षींचें वर्णन एका पाहुण्या सरदारानें लिहून ठेविलें आहे. राणीच्या तीन खाजगी दालनांतलीं झुंबरें उतरवून त्यांच्या जागीं छतापासून भलीं मोठीं झाडें टांगलीं होतीं. कांहींवर बर्फ पडल्याचा देखावा केला होता. मेजांवर आणखी झाडें, मिठाया, रंगीत मेणबत्त्या. दरबारी शिष्टाचार त्या संध्याकाळीं पार बाजूला ठेवलेले. सर्वांत धाकटी बिअॅट्रिस तेव्हां साडेतीन वर्षांची होती. तिला एका मोठ्या हातरुमालाच्या झोळींत घालून आल्बर्ट यांनीं झोके दिले. ज्यांस वर्तमानपत्रें रुक्ष व ताठ म्हणून हिणवीत, ते हेच गृहस्थ.

पुढील वर्ष दुःखाचें उजाडलें. मार्चमध्यें राणीच्या मातोश्री वारल्या. आल्बर्ट यांची प्रकृति कित्येक दिवस बिघडलेलीच होती, तरी कामांत खंड नव्हता. नोव्हेंबरच्या अखेरीस थोरल्या मुलाच्या वर्तनाविषयीं कांहीं वार्ता कानीं आल्यामुळें ते आजारी असतांच केंब्रिजला जाऊन आले. अमेरिकेशीं युद्ध जुंपण्याचा प्रसंग आला होता. १ डिसेंबर रोजीं, लेखणी धरवत नसतांना, त्यांनीं सरकारच्या कडक खलित्यांतील भाषा सौम्य करून दिली, आणि तें युद्ध टळण्यास त्याचें फार साह्य झालें. हें त्यांचें शेवटचें काम. डॉक्टरांनीं विषमज्वर ठरविला. १४ डिसेंबर १८६१ च्या रात्रीं विंडसर येथें त्यांचा अंत झाला. वय अवघें बेचाळीस.

विंडसरच्या दालनांत त्या वर्षीं झुंबरें उतरविण्याचें कारण उरलें नाहीं. राणी मुलींस घेऊन ऑसबर्न येथें निघून गेली, आणि पुढचे बहुतेक नाताळ तिनें तेथेंच काढले. अंत्यविधि २३ डिसेंबर रोजीं विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्यें झाला. शवपेटिकेमागें थोरला मुलगा एडवर्ड व अकरा वर्षांचा आर्थर हे चालत होते. त्यांच्याबरोबर कोबर्गहून आलेले एर्न्स्टही होते.