हिमनदीची चाल आणि अगासींचा हट्ट

हिमयुगाच्या कल्पनेशी लुई अगासी यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. स्वित्झर्लंडमधील मोतिए या खेड्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी १८०७ साली त्यांचा जन्म झाला. वैद्यकाची पदवी घेऊनही त्यांचे मन रमले ते माशांच्या जीवाश्मांत. पॅरिसला क्यूव्हिए यांचे मार्गदर्शन लाभले, हंबोल्ट यांचा आश्रय मिळाला आणि पंचविशीतच नूशातेल येथे अध्यापकाची जागा चालून आली.

आल्प्सच्या हिमनद्यांपासून कित्येक कोस दूर परक्या खडकाच्या प्रचंड शिळा विखुरलेल्या आढळत. त्या जलप्रलयाने वाहून आणल्या, असे बहुतेक विद्वान मानीत. जाँ पिएर पेरोदँ या डोंगरी शिकाऱ्याचे मत मात्र निराळे होते. पूर्वी हिमनद्या दरीत फार खालपर्यंत पसरल्या होत्या आणि शिळा त्यांनीच आणल्या, असे त्याने १८१५ मध्ये शार्पांतिए या खाण-संचालकांना सांगितले. शार्पांतिए यांचा त्यावर विश्वास बसला नाही. पुढे व्हेनेत्झ या अभियंत्याने पुरावे मांडले, तेव्हा कोठे ते वळले. १८३६ च्या उन्हाळ्यात हे मत खोडून काढण्याच्या इराद्याने त्यांच्याकडे गेलेले अगासी स्वतःच त्याचे पुरस्कर्ते होऊन परतले.

१८३७ च्या जुलैमध्ये नूशातेल येथे स्विस विज्ञानसभेसमोर ते माशांवर बोलतील अशी अपेक्षा होती. ते बोलले एका प्राचीन, विश्वव्यापी बर्फाच्छादनावर. सभा नाराज झाली. खुद्द हंबोल्ट यांनीही त्यांना माशांकडे परतण्याचा सल्ला दिला. अगासी डगमगले नाहीत. १८४० मध्ये हिमनद्यांवरील त्यांचा ग्रंथ शार्पांतिए यांच्या ग्रंथाच्या आधी प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडून विचार घेतला ते मागे पडले आणि श्रेय अगासींच्या पदरात पडले. शार्पांतिए आणि हिमयुग हा शब्द घडविणारे शिम्पर, हे दोन्ही मित्र त्यामुळे दुरावले.

तरीही त्यांचे परिश्रम नाकारता येणार नाहीत. उंटरआर हिमनदीवर एका शिळेच्या आडोशाला त्यांनी मुक्काम ठोकला. ह्यूगी नावाच्या संशोधकाने १८२७ साली त्याच हिमनदीवर एक झोपडी बांधली होती. १८४१ पर्यंत ती मूळ जागेपासून सुमारे ४७०० फूट खाली सरकली असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे वर्षाला तीनशे फुटांहून अधिक! हिमनदीवर आडव्या रांगेत खुणा रोवून त्यांनी दाखवून दिले की, मधला भाग कडांपेक्षा वेगाने सरकतो.

परंतु ही हालचाल का होते, या प्रश्नावर त्यांचे पाऊल चुकले. भेगांत झिरपलेले पाणी गोठून प्रसरण पावते आणि बर्फाला पुढे ढकलते, असे ते मानीत. १८४२ मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स यांनी मेर द ग्लास या हिमनदीवर काटेकोर मोजमापे केली. हिमनदी दिवसरात्र अखंड सरकत होती. पाणी गोठण्याच्या वेळी धक्के बसून ती पुढे जाते, ही कल्पना त्यामुळे टिकेना. घट्ट काकवीसारखी ती स्वतःच्या वजनाने वाहते, असे फोर्ब्स यांचे प्रतिपादन होते. त्यावरून दोघांत श्रेयाचा कटू वाद झाला.

आजच्या शास्त्राचे उत्तर दुहेरी आहे. स्वतःच्या भाराखाली बर्फ आतून विरूपित होतो. आणि तळाचे तापमान वितळणबिंदूला पोहोचलेले असेल तेथे पाण्याच्या पातळ थरावरून हिमनदी घसरतेही. उंचवट्याच्या वरच्या बाजूस दाबाने बर्फ वितळतो आणि पलीकडे पुन्हा गोठतो. तळाशी पाण्याचा दाब वाढला, की जमिनीची पकड सैल होऊन वेग वाढतो. जेथे बर्फ खडकाला गोठून चिकटलेला असतो, तेथे घसरण जवळजवळ थांबते. बर्फाच्या तळात रुतलेले दगड खडकावर जे ओरखडे काढतात, तेच अगासींनी १८४० मध्ये स्कॉटलंडमध्ये प्राचीन हिमनद्यांचा पुरावा म्हणून दाखविले होते.

१८४६ मध्ये ते अमेरिकेला गेले. हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि १८५९ मध्ये तेथे प्राणिशास्त्राचे संग्रहालय उभे केले. त्याच वर्षी डार्विन यांचा ग्रंथ आला. उत्क्रांतीचा विचार अगासींनी अखेरपर्यंत मान्य केला नाही. मानववंश स्वतंत्रपणे निर्माण झाले असून ते समान नाहीत, हे त्यांचे मत त्याहून घातक ठरले. गुलामगिरीच्या समर्थकांना त्यामुळे एका थोर शास्त्रज्ञाच्या नावाचे पाठबळ मिळाले. हिमनदीची चाल मोजताना वापरलेला काटेकोरपणा त्यांनी येथे बाजूला ठेवला. फोर्ब्स यांची मोजमापे एक चुकीचा सिद्धांत मागे सारू शकली. वंशश्रेष्ठतेच्या मताला मात्र समाजातील हितसंबंधांचा आधार होता आणि त्याची किंमत इतरांनी मोजली.

१८७३ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील त्यांच्या समाधीवर आर हिमनदीच्या दगडगोट्यांतून आणलेली एक शिळा उभी आहे. विद्वत्तेचा अधिकार एका क्षेत्रात कमावला, म्हणून तो दुसऱ्या क्षेत्रात आपोआप चालत नाही. तेथेही पुरावा पुन्हा नव्याने द्यावा लागतो आणि तो मागण्याचे धैर्य समाजाला दाखवावे लागते. डोंगरी शिकाऱ्याचे म्हणणे वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिले आणि प्राध्यापकाचे अनिष्ट मतही मान्यता पावले, ही गोष्ट अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी विसरता कामा नये.