दप्तरातली फारसी

स्मरणिकेत प्रत्येकानं आपल्या विषयातल्या एका मोठ्या माणसाबद्दल लिहायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त चेष्टा माझी झाली. आपल्या वर्गातलं कुणी आयटीआयला गेलं, कुणी डी.एड.ला, कुणी डोंगरावरच्या नारळ-गुलालाच्या दुकानात बसलं. मी विद्यापीठात जर्मन घेतलं आणि जोडीला तौलनिक साहित्य. हे दुसरं नेमकं काय असतं, ते घरच्यांना अजून नीट सांगता आलेलं नाही. दोन भाषांतली पुस्तकं शेजारी ठेवून वाचायची, काय कुठून आलं, येताना काय बदललं ते बघायचं, एवढंच. आपल्या देशात या विषयाचा स्वतंत्र विभाग 1956 मध्ये जादवपूर विद्यापीठात निघाला. पण त्याच्या कितीतरी आधी, आपल्या जोतिबापासून तासाभराच्या वाटेवर, कोल्हापुरात एक प्राध्यापक नेमकं हेच करत होते. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले कवी माधव ज्यूलियन.

त्यांचा जन्म 21 जानेवारी 1894 चा, बडोद्याचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून 1918 मध्ये ते एम.ए. झाले, विषय इंग्रजी आणि फारसी. ही जोडी मला महत्त्वाची वाटते. इंग्रजी तेव्हा नोकरी देणारी भाषा होती, फारसी मात्र मागं पडत चाललेली. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये सहा वर्षं त्यांनी फारसी शिकवलं. तिथंच 1923 मध्ये रविकिरण मंडळ जमलं. यशवंत, गिरीश ही त्यातली नावं आपल्याला तोंडपाठ आहेत. या मंडळींनी कविता लोकांपुढं म्हणून दाखवायची चाल पाडली.

कविता सगळ्यांना दिसली. त्यामागचं खर्डेघाशीचं काम कमी लोकांना दिसलं. 1925 मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला. मराठेशाहीच्या जुन्या कागदांत पानोपानी फारसी शब्द, त्यामुळं इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला त्याची किती गरज होती ते सांगायला नको. ऐन तिशीतला कवी एकट्यानं कोश करतो, याचं मला कवितेपेक्षाही जास्त कौतुक वाटतं.

1928 मध्ये ते राजाराम कॉलेजात फारसीचे प्राध्यापक म्हणून आले आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले. कॉलेज तेव्हा भवानी मंडपाजवळ होतं. ना. सी. फडकेही तिथंच शिकवत, आणि यशवंतराव चव्हाण याच काळात तिथले विद्यार्थी होते. म्हणजे चैत्रात सासनकाठ्या घेऊन डोंगर चढणाऱ्यांच्या जिल्ह्यात एक माणूस उमर खय्याम मराठीत आणत बसला होता. तोही एकदा नव्हे. 1929 मध्ये त्यांनी मूळ फारसीवरून रुबाया मराठीत केल्या. मग 1931 मध्ये ‘द्राक्षकन्या’ काढली, ती फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून. एकच कवी दोन वाटांनी आणला. इंग्रजाच्या हातून गेल्यावर खय्यामचं काय झालं, हे मराठी वाचकाला दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघता येऊ लागलं. आमच्या वर्गात हा प्रकार शिकवायला अख्खं सत्र लागलं होतं.

गझलेचंही तसंच. 1933 मध्ये त्यांची ‘गज्जलांजली’ आली. फारसी वृत्तं मराठीत बसतात, कारण दोन्हीकडं हिशेब लघु-गुरूंचा. एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. शाळेत रोज म्हणायचो त्या मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात: एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा. फारसीतल्या ‘मुतकारिब’ वृत्ताचा गणही अगदी हाच, आणि फिरदौसीचं शाहनामा त्याच चालीत आहे, फक्त शेवटचा गण एका अक्षरानं तोकडा. समर्थ आणि फिरदौसी एका ठेक्यावर चालतात, हे कळलं त्या दिवशी माझी फी वसूल झाली. त्यांच्या गज्जलांत प्रत्येक शेर सुटा उभा राहत नाही, पुष्कळदा ते सलग गीतच होतं, हा आक्षेप खरा आहे. ते काम पुढं सुरेश भटांनी केलं. पण वाट यांनी पाडली. ‘छंदोरचना’ या ग्रंथावर 1938 मध्ये मुंबई विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. मराठीसाठी दिलेली ती पहिली. त्याआधी 1936 मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले होते.

आता जिथं माझं त्यांच्याशी जमत नाही ते. ज्यांच्या सुरुवातीच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती, तेच पुढं भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. 1938 चं त्यांचं ‘भाषाशुद्धि-विवेक’ त्याच मताचं. कोशकारानंच परके शब्द दाराबाहेर काढायला निघावं, हे मला बरीच वर्षं समजत नव्हतं. आता थोडं समजतं. कोणता शब्द कुठून आला हे ज्याला पक्कं ठाऊक, त्याच्या कानाला तो सतत टोचत असणार. आपल्याला टोचत नाही, कारण आपल्याला माहीतच नाही. त्यांनी माहीत असून निवड केली, तिचा मान ठेवतो. तरी मी त्या बाजूचा नाही. दप्तर, कागद, शाई, खुर्ची, हजेरी, शिपाई, रजा हे शब्द फारसीच्या वाटेनं आलेले. ते काढले तर आपल्या शाळेचा एक दिवसही सांगता येणार नाही. डोंगर रंगवणारा गुलाल आणि देवळातली सनई यांचंही मूळ फारसीतच सापडतं.

29 नोव्हेंबर 1939 रोजी ते गेले. वय अवघं पंचेचाळीस. पुढच्या वर्षी, 1940 मध्ये, त्यांची ‘मधुलहरी’ प्रसिद्ध झाली. त्यात पुन्हा खय्यामच होता, तिसऱ्यांदा.