स्वच्छतेचे व करुणेचे उपासक : संत गाडगे महाराज

महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे. येथील संतांनी केवळ परलोकाचा मार्ग दाखविला नाही, तर इहलोकी माणसाने माणसाशी कसे वागावे, हेही स्वतःच्या आचरणातून शिकविले. या परंपरेत विसाव्या शतकात होऊन गेलेले थोर सत्पुरुष म्हणजे संत गाडगे महाराज. त्यांनी मठ स्थापन केला नाही, शिष्यांना दीक्षा दिली नाही, कोणाला आपल्या पायांवर डोके ठेवू दिले नाही. हातात खराटा, अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि सोबतीला एक मातीचे गाडगे, एवढ्या भांडवलावर त्यांनी लक्षावधी लोकांची मने स्वच्छ केली. तीर्थक्षेत्री येणाऱ्या प्रत्येक भाविकाने त्यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

जन्म व बालपण

गाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जाणोरकर. आईचे नाव सखूबाई. वडील झिंगराजी व्यसनाच्या आहारी गेले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. तेव्हा देबूजी लहान होते. पोरक्या मुलाला घेऊन सखूबाई मूर्तिजापूरजवळील दापुरे या गावी आपल्या माहेरी आल्या. मामाच्या घरी देबूजींनी गुरे राखली, नांगर धरला, शेतीची सर्व कामे अंगावर घेतली. गुराख्यांच्या मेळ्यात बसून भजने म्हणता म्हणता त्यांना हरिनामाची गोडी लागली. शाळेचे तोंड मात्र त्यांना पाहता आले नाही.

पुढे मामाची जमीन सावकारी कर्जाच्या पाशात अडकली. अक्षरओळख नसल्याने कागदावर काय लिहिले आहे, हे घरात कोणालाच उमगले नव्हते. घाम गाळून पिकविलेले शेत डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या ताब्यात जाताना देबूजींनी पाहिले. अशा प्रसंगी सामान्य माणसाचे मन कडवट होते, तो दैवाला बोल लावतो किंवा सूडाच्या विचाराने जळत राहतो. देबूजींनी अन्यायाला विरोध केला. परंतु मनात द्वेष साठवून ठेवला नाही. वडिलांच्या मृत्यूतून व्यसनाचा आणि मामाच्या दुःखातून अज्ञानाचा व कर्जाचा घातकपणा त्यांनी ओळखला. जे आपल्या घराच्या वाट्याला आले ते दुसऱ्या कोणाच्या घराच्या वाट्याला येऊ नये, हा शुभ विचार त्यांच्या अंतःकरणात रुजला. पुढील पन्नास वर्षांचे कार्य या एका विचाराचाच विस्तार होय.

गृहत्याग

१८९२ साली देबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्य व मांसाचे जेवण देणे अपेक्षित होते. देबूजींनी ते नाकारून गोडाधोडाचे जेवण दिले. जातबांधव रागावले, तरी त्यांनी आपला निश्चय सोडला नाही. समाजसुधारणेचा आरंभ त्यांनी असा स्वतःच्या उंबरठ्यापासून केला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घराचा त्याग केला. त्यानंतर सुमारे बारा वर्षे ते गावोगाव हिंडले. मिळेल ते काम करावे, भाकरतुकडा मिळाला तर गाडग्यात घेऊन खावा आणि पुढे चालू लागावे, असा त्यांचा क्रम होता. लोकांनी अवहेलना केली, वेडा म्हणून हिणविले, तरी त्यांच्या चित्ताची प्रसन्नता ढळली नाही. हातातील गाडग्यामुळे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

खराटा आणि कीर्तन

बाबा ज्या गावी जात, तेथील रस्ते, गटारे व देवळाभोवतीचे आवार प्रथम स्वतः झाडून काढीत. त्यांना पाहून गावकरी लाजेने आणि पुढे उत्साहाने कामाला लागत. दिवसा गावातील घाण काढावी आणि रात्री कीर्तनातून मनातील घाण काढावी, अशी त्यांची दिनचर्या असे. त्यांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत चाले. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत. कर्ज काढून सण व लग्ने करू नका, दारूला स्पर्श करू नका, देवापुढे मुके प्राणी मारू नका, अस्पृश्यता पाळू नका आणि पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवा, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा होता. स्वतः निरक्षर असलेला हा संत आयुष्यभर शिक्षणाची महती सांगत राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेविषयी त्यांना मोठी आत्मीयता होती. या संस्थेने १९५४ साली कराड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयास सद्‌गुरू गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलता एक पुत्र गोविंद वारल्याची वार्ता बाबांना समजली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. जगात रोज कितीतरी मातापित्यांची लेकरे जातात. त्या सर्वांसाठी आपण रडलो नाही, मग एकासाठी कसे रडावे, असा त्यांचा भाव होता. हे मन कठोर नव्हते. ज्याने साऱ्या जगाला आपले घर मानले, त्याच्या करुणेला एका घराची मर्यादा उरली नव्हती.

धर्मशाळा व अन्नदान

आषाढी-कार्तिकीला बाबा पंढरपुरी जात. मंदिरात दर्शनाला न जाता ते वाळवंट व रस्ते झाडीत, असे सांगतात. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना विठ्ठलमंदिरात प्रवेश नव्हता. तो साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली मिळाला. त्यापूर्वी कितीतरी वर्षे हे भाविक शेकडो मैल चालून येत आणि निवाऱ्याअभावी भर पावसात उघड्यावर रात्र काढीत. ज्यांना देवाच्या दारीही जागा नव्हती, त्यांच्यासाठी बाबांनी लोकवर्गणीतून पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ साली ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. देहू, आळंदी, नाशिक आदी ठिकाणीही यात्रेकरूंसाठी धर्मशाळा झाल्या. ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर घाट बांधला गेला. मूर्तिजापूर येथे गोरक्षण सुरू झाले. अंध, अपंग व कुष्ठरोगी यांच्यासाठी अन्नदान होऊ लागले.

या कार्यासाठी लाखो रुपयांच्या देणग्या आल्या. त्यातील एक पैसाही बाबांनी स्वतःसाठी वापरला नाही. कुंताबाई व कुटुंबीय झोपडीत राहिले. या मालमत्तेवर आपल्या नातेवाइकांचा कोणताही हक्क असणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. दात्याने दिलेले धन हे भुकेल्याच्या मुखातील घास आहे, ही त्यांची श्रद्धा होती. म्हणूनच दान देणारे निःशंकपणे देत आणि घेणाऱ्याला ते घेताना संकोच वाटत नसे. सर्व संस्थांचा कारभार नीट चालावा म्हणून १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. मुंबईत दादर येथील धर्मशाळेने टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्या कर्करुग्णांना व त्यांच्या नातलगांना आधार दिला आहे.

निर्वाण

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले बाबांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. ६ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावनजीक पेढी नदीकाठी बाबांची प्राणज्योत मालवली. अमरावती येथील गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ या वर्षापासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तर २००५ साली अमरावती विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

भाविकांसाठी बोध

बाबांनी देव नाकारला नाही; तो भुकेल्या, तहानलेल्या, उघड्या व निराश्रित माणसांत असतो, एवढेच त्यांनी दाखवून दिले. भुकेल्याला अन्न, रोग्याला औषध, गरिबाच्या मुलाला शिक्षण आणि खचलेल्याला धीर देणे हीच त्यांची पूजा होती. दुःख कोणाला चुकत नाही. मात्र त्या दुःखातून कडवटपणा घ्यावा की करुणा, हे ठरविणे माणसाच्या हाती असते. पोरकेपण, दारिद्र्य, अपमान व पुत्रवियोग सोसूनही बाबांनी करुणेचीच निवड केली आणि देबूजीचे गाडगेबाबा झाले.

देवदर्शनास येणाऱ्या भाविकांनी मंदिराचा परिसर स्वच्छ ठेवावा, रांगेतील वृद्ध व अपंगांना पुढे जाऊ द्यावे, अन्नछत्रात पानात अन्न टाकू नये आणि आपल्या दानातील काही वाटा गरजूंच्या अन्न, औषध व शिक्षणासाठी द्यावा. बाबांना हार, नारळ नको होते. आपण उचललेला एक कागद आणि पुसलेले एक आसू हीच त्यांच्या चरणी खरी सेवा ठरेल.