'लागणे'चे पोर्तुगीज आणि मोन्सेन्योर दालगादो

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की नकाशे बाहेर येतात. कोश उघडण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही. म्हणून आज आम्ही एका कोशकर्त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांचा जन्म ८ मे १८५५ रोजी बारदेशातील आसगाव येथे झाला. राशोलच्या सेमिनरीत शिकून ते पाद्री झाले. पुढे रोमला गेले, सिलोन आणि कलकत्ता येथे धर्मकार्य केले. जातील तेथील भाषा शिकायची, हा त्यांचा परिपाठ होता. १८९३ साली त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज कोश मुंबईच्या 'इंदुप्रकाश' छापखान्यात छापला गेला. गोव्यातील ख्रिस्ती समाज रोमी लिपीत कोंकणी लिहीत असताना या पाद्रीबुवांनी शब्द देवनागरीत मांडले. आमच्या मते हे धाडस कोशाइतकेच मोठे होय.

कोशकर्त्याची कसोटी अवघड शब्दांत लागत नाही, रोजच्या शब्दांत लागते. आपले 'लागणे'च घ्या. कोंकणीतही ते आहे. भूक लागते तिथे पोर्तुगीज माणूस 'तेर फोमे' म्हणजे भूक असणे म्हणतो. आग लागली की 'पेगार', मूल रडू लागले की 'कोमेसार', वेळ लागला की 'देमोरार'. शिवाय तो माझा मामा लागतो, त्याचे काय? तिथे पोर्तुगीज सरळ 'आहे' म्हणून मोकळा होतो. एका शब्दासमोर एक प्रतिशब्द ठेवून भागत नाही, वापर सांगावा लागतो. (हे 'लागतो' आणखी निराळे!)

उलट दिशेचा प्रवासही त्यांनी शोधला. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सुमारे पन्नास आशियाई भाषांत शिरलेले पोर्तुगीज शब्द त्यांनी गोळा केले. पगार, चावी, बटाटा, पाव, साबण ही सारी त्याच वाटेची मंडळी. १९१७ साली इंदुरास मराठी साहित्य संमेलन भरले. त्या होळकरी नगरीत पोर्तुगिजांचे राज्य कधीच नव्हते, पण तिथल्या मराठी घरांत चावी आणि पगार पोचलेच. बाजारात आलू मागणारा इंदूरकर घरी येऊन बटाट्याची भाजी खातो. शब्दांना संस्थानांच्या हद्दी अडवीत नाहीत.

त्या सुमारास दालगादो लिस्बनला होते. १९०७ पासून ते तेथे संस्कृत शिकवीत. हितोपदेशाचे पोर्तुगीज भाषांतर त्यांनी त्याआधीच, १८९७ साली केले होते. आजारपणात त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले, तरी काम थांबले नाही. पोर्तुगीज-आशियाई शब्दांचा त्यांचा थोरला कोश १९१९ आणि १९२१ साली दोन खंडांत कोइंब्रा येथे निघाला. ४ एप्रिल १९२२ रोजी लिस्बन येथे ते वारले. १९१३च्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर पुढे १९३६ साली प्रसिद्ध केले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याने.