हृदयाचा पहारेकरी आणि त्याची नाजूक तार

प्राणघातक लयीत सापडलेल्या हृदयाला शरीराच्या आतूनच विजेचा झटका देऊन पूर्वपदावर आणणारे ‘आयसीडी’ हे उपकरण आज जगभरातील लाखो रुग्णांच्या छातीत आहे. त्याचे जनक डॉ. मिशेल मिरोव्स्की. त्यांची कल्पना काळाच्या कसोटीला उतरली. तिच्यातील सर्वांत नाजूक दुवा मात्र त्यांच्या पश्चात जगासमोर ठळकपणे आला.

मिरोव्स्की यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९२४ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. मूळ नाव मोर्डेखाय फ्रिडमन. १९३९ मध्ये जर्मन आक्रमण होताच या कुमारवयीन मुलाने घर सोडून सोव्हिएत संघाची वाट धरली. युद्ध संपले तेव्हा कुटुंबातील तो एकटाच हयात होता. पुढे फ्रान्समधील लियाँ येथे परक्या भाषेत शिक्षण घेऊन १९५४ मध्ये ते डॉक्टर झाले. इस्रायल, मेक्सिको सिटी आणि अमेरिकेतील बाल्टिमोर येथे त्यांनी हृदयरोगशास्त्राचे धडे गिरविले.

इस्रायलमधील प्रा. हॅरी हेलर हे त्यांचे गुरू. हेलर यांना हृदयाची लय बिघडण्याचे झटके वारंवार येऊ लागले. अशा रुग्णाला वाचविणारे डिफिब्रिलेटर तेव्हा रुग्णालयातच असे आणि आयुष्यभर रुग्णालयात राहणे कोणालाच शक्य नव्हते. १९६६ मध्ये हेलर यांचे निधन झाले. रुग्ण यंत्राजवळ राहू शकत नसेल, तर यंत्रच रुग्णाच्या शरीरात का असू नये, हा प्रश्न मिरोव्स्की यांच्या मनातून गेला नाही.

१९६८ मध्ये ते बाल्टिमोरच्या सायनाय रुग्णालयात रुजू झाले. डॉ. मॉर्टन मोवर यांच्या साथीने १९६९ पासून प्रयोग सुरू झाले. प्रतिकूल मते कमी नव्हती. खुद्द आधुनिक डिफिब्रिलेटर घडविणारे डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी १९७२ मध्ये या कल्पनेच्या व्यवहार्यतेवर जाहीर शंका घेतली. मिरोव्स्की मागे हटले नाहीत. डॉ. स्टीफन हाइलमन यांच्या मेडरॅड या छोट्या कंपनीने हात दिला. अखेर ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. लेव्हाय वॉटकिन्स यांनी एका महिलेच्या शरीरात पहिले उपकरण बसविले. त्याचे वजन जवळजवळ पाव किलो होते. १९८५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. २६ मार्च १९९० रोजी कर्करोगाने मिरोव्स्की यांचे निधन झाले.

त्यानंतर छाती उघडण्याची गरज उरली नाही. शिरेतून हृदयात सोडलेली एकच तार, म्हणजे ‘लीड’, ठोके टिपू लागली आणि झटकाही पोहोचवू लागली. पण हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर तार वाकते. गळ्याच्या हाडाखाली ती दाबलीही जाते. आतील धातू तुटला, तर उपकरण त्या खरखरीलाच हृदयाची बिघडलेली लय समजते आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाला विनाकारण झटके बसतात. उलट, खऱ्या संकटात झटका न पोहोचण्याचाही धोका असतो.

२००४ मध्ये मेडट्रॉनिकने आणलेली ‘स्प्रिंट फिडेलिस’ ही तार जेमतेम २.२ मिलिमीटर जाडीची होती. ती तुटत असल्याचे दिसल्यावर ऑक्टोबर २००७ मध्ये तिचे वितरण थांबविण्यात आले. तोपर्यंत सुमारे २ लाख ६८ हजार तारा बसविल्या गेल्या होत्या. सेंट ज्यूडच्या ‘रियाटा’ तारेत धातूच्या दोऱ्या सिलिकॉनचे आवरण आतून घासून बाहेर डोकावू लागल्या. तिची विक्री २०१० च्या अखेरीस बंद झाली.

बॅटरी संपलेली डबी बदलणे तुलनेने सोपे असते. वर्षानुवर्षे शिरेला आणि हृदयाच्या भित्तीला चिकटलेली तार काढताना मात्र प्राणावर बेतू शकते. त्यामुळे सदोष तार काढावी की लक्ष ठेवून तशीच राहू द्यावी, असा पेच डॉक्टरांपुढे आणि रुग्णांपुढे उभा राहिला. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या नव्या प्रकारात तार हृदयाबाहेर, त्वचेखालीच राहते. मात्र तो सर्वच रुग्णांना चालत नाही.

आपले गुरू गमावलेल्या एका डॉक्टरच्या ध्यासातून असंख्य प्राण वाचले, हे निर्विवाद. परंतु पहारेकरी कितीही जागरूक असला, तरी त्याची हाक ज्या तारेवरून जाते ती शाबूत हवी. हे उपकरण बाळगणाऱ्यांनी तपासणीच्या वेळी बॅटरीइतकीच तारेचीही चौकशी करणे म्हणूनच अगत्याचे आहे.